गोळी मोफत, सकाळ नाही

"औषध फुकट मिळते, तरी घेत नाहीत. या लोकांना कळतच नाही." गरीब वस्तीत फिरणाऱ्या आशाताईंना हे वाक्य नवे नाही. भंडारा, तुमसर, पवनी या गावांतल्या विडी वळणाऱ्या घरांबद्दलही तेच बोलले जाते.

विडीचे काम घरबसल्या चालते आणि ते बहुतेक बायकाच करतात. मजुरी हजार विड्यांमागे. छाटात गेलेल्या विड्यांचे काही मिळत नाही. तंबाखूची धूळ श्वासातून जातेच, शिवाय निकोटिन कातडीतूनही शरीरात शिरते. अशा घरात क्षयरोग निघाला की निदान सहा महिने औषध. गोळी मोफत, पण दवाखान्याच्या रांगेत गेलेल्या सकाळची मजुरी बुडते. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात थोडी ताकद येते, आणि ती सकाळ महाग वाटू लागते. हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. चुकीचा, पण हिशेबच.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास आला. पीक हाती येण्याआधीच्या ओढगस्तीत त्यांचे विचारशक्तीच्या चाचण्यांतले गुण कमी होते. पैसा आल्यावर त्याच माणसांचे वाढले. चणचणीची काळजीच डोके व्यापते, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर केलेल्या पाहणीत मात्र असा फरक आढळला नाही. त्यामुळे या निष्कर्षावर फार मोठा इमला बांधू नये.

त्याहून भक्कम पुरावा झारखंडचा आहे. तिथे क्षयरुग्णांच्या घरच्यांनाही शिधा दिला गेला. फक्त रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांशी तुलना करता, त्या कुटुंबांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्के कमी राहिले. 'लॅन्सेट'मध्ये २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. समुपदेशन तेच, औषधे तीच. फरक ताटातला होता.

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. रक्कम थेट बँक खात्यात येते. म्हणून घरभेटीत "गोळी का चुकली?" याआधी "पैसे जमा झाले का? माल कोणत्या वारी द्यायचा असतो?" हे विचारलेले बरे. तो वार टाळून तपासणीला बोलावता येते.

आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर तो विडीच्या धुळीचा म्हणून सोडू नका. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.