मोहम्मद अलीशी झोपून लढला, जगभर हसं झालं. पण त्याच इनोकीने पुढे जपानी ओलिसांना सोडवून आणलं!

२६ जून १९७६. टोकियोचं निप्पॉन बुडोकान. एका बाजूला बॉक्सिंगचा जगज्जेता मोहम्मद अली, दुसऱ्या बाजूला जपानचा प्रो-रेसलर अँटोनियो इनोकी. घंटा वाजली आणि इनोकी पळत येऊन थेट जमिनीवर घसरला. पुढचे १५ राऊंड तो बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीला बोटांवर मोजण्याइतकेच ठोसे मारता आले. सामना बरोबरीत सुटला. चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगमध्ये कचरा फेकला.

पण इनोकी असा का लढला?

प्रो-रेसलिंगचा निकाल आधीच ठरलेला असतो. हा सामना मात्र खरा होता. इनोकीच्या गोटातून कायम सांगितलं गेलं, की अलीच्या माणसांनी ऐनवेळी नियम आवळले. उभं राहून लाथ मारायची नाही, उचलून आपटायचं नाही. मग उरलं काय? जमिनीवरून लाथा! त्या लाथांनी अलीचे पाय सुजले, रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्याला दवाखाना गाठावा लागला. आज अनेक जण याच सामन्यात एमएमएची सुरुवात बघतात.

असा हट्टी माणूस घडला कुठे? १९४३ साली योकोहामात जन्मलेला कांजी इनोकी किशोरवयात कुटुंबासोबत ब्राझीलला गेला आणि कॉफीच्या मळ्यात राबला. तिथे जपानी प्रो-रेसलिंगचा जनक रिकिदोझान याची नजर त्याच्यावर पडली. १९६० साली तो रिंगमध्ये उतरला, १९७२ मध्ये त्याने 'न्यू जपान प्रो-रेसलिंग' ही स्वतःची कंपनी काढली. अलीनंतर काही महिन्यांतच कराचीत त्याने गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम याचा हात असा पिरगाळला, की सामनाच थांबवावा लागला.

१९८९ मध्ये गडी थेट जपानच्या संसदेत पोहोचला. पुढच्याच वर्षी इराकमध्ये सद्दाम हुसेनने परदेशी नागरिकांना अडकवून ठेवलं. इनोकीने बगदादला जाऊन चक्क खेळांचा महोत्सव भरवला आणि त्यानंतर तिथले जपानी ओलीस सुटले.

१९९५ मध्ये तो रेसलिंग घेऊन प्योंगयांगला गेला. गुरू रिकिदोझानचा जन्म आजच्या उत्तर कोरियातलाच. हे वेड त्याला महागातही पडलं: २०१३ मध्ये परवानगी नसताना तिथे गेला म्हणून संसदेने त्याला ३० दिवस निलंबित केलं.

प्योंगयांगच्या त्या १९९५ च्या सोहळ्यात इनोकीचा खास पाहुणा कोण होता माहितीये? मोहम्मद अली!

ज्या सामन्यावर जग हसलं, त्यातूनच ही दोस्ती जमली होती. अलीवरच्या सिनेमातली धून त्याने इनोकीला भेट दिली होती. इनोकी रिंगकडे निघाला, की तीच वाजायची. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इनोकी गेला, पण ती धून आजही जपानी माणूस लगेच ओळखतो.