घट्ट सॉकेट, ढिले सॉकेट

विजेचा विषय निघाला की आपण धरणांविषयी आणि वीजकेंद्रांविषयी बोलतो. मी भिंतीवरच्या तीन भोकांविषयी बोलणार आहे. प्लग घट्ट बसत असला की घरात कुरकुर होते. ढिला असला तर मात्र कोणी तक्रार करीत नाही. पुठ्ठ्याची घडी खोचून काम भागवले जाते. वस्तुतः अधिक धोका आहे तो या दुसऱ्यात.

भोकाआड पितळेच्या पट्ट्या असतात. त्या पिनेला आवळून धरतात. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने पकड सैल झाली की पिन जेमतेम टेकते, आणि तेवढ्या जागी प्रवाहाला अडथळा होतो. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास प्रवाह घेतो. सांध्यात अर्धा ओहम रोध आला तर तेथे सुमारे ३६ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख वितळवतो, हे लक्षात घ्या! तापल्याने पट्टी आणखी सैल होते, आणि सैल झाल्याने आणखी तापते. फ्यूज मात्र स्वस्थ असतो, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट किंचित कमी झालेला असतो. म्हणून पहारा आपणच ठेवायचा: काढलेल्या प्लगची ऊब, तपकिरी डाग, चरचर, करपल्याचा वास.

दोष कोणाचा? तोच प्लग दुसऱ्या सॉकेटात लावून पाहा, आणि दुसरा प्लग या सॉकेटात. चिरलेल्या पिना सुरीने फाकवण्याची आपल्याकडे फार आवड. पण सॉकेट झिजलेले असेल तर फाकवलेली पिन त्याला आणखी ताणते. झिजलेले सॉकेट बदलावेच.

घट्टपणाचे कारण बहुधा साधे असते. पिना काळ्या पडल्या असतील तर प्लग काढून त्या बारीक पॉलिशपेपरने घासाव्या. खोबरेल लावू नये. तेलावर धूळ बसते. काही सॉकेटांत आतून झडप असते, ती अर्थिंगची लांब पिन शिरल्यावरच उघडते. दोन पिनांचा प्लग जाईना म्हणून वरच्या भोकात पेचकस खुपसणारे सज्जन मी पाहिले आहेत. ती झडप लहान मुलांसाठी आहे.

बदलताना नुसता खटका बंद करून भागत नाही, मेन बंद करावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो ठीक आहे याची खात्री करावी, मग येथे लावावा. गिरणीतले जुने वायरमन काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवीत. तो आगाऊपणा नव्हे, जीव वाचवण्याची रीत होती. घरात निदान मेनजवळ एक माणूस उभा करावा, कारण दिवे का गेले म्हणून कोणीतरी खटका वर करतोच.

सॉकेटकडे तोंड करून पाहिले असता अर्थिंग वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. वायरींच्या रंगावर विसंबू नये. जुन्यांच्या जागा आधी लिहून घ्याव्या. स्क्रू आवळल्यावर वायर हलकेच ओढून पाहावी आणि तारेचा एकही केस बाहेर राहू देऊ नये. १६ अँपियरच्या जागी १६चेच सॉकेट बसवावे. पण आतले वायरचे आवरण करपून ठिसूळ झालेले दिसले, तर तेथेच थांबावे, मेन बंदच ठेवावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे.