धाब्यावरून स्लॅबवर

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा हें मिरच्यांच्या बाजाराकरितां प्रसिद्ध असलेलें गांव आतां चांगलेंच वाढलें आहे. त्याच्या नव्या वस्त्यांतून हिंडणाऱ्यास सिमेंटचीं चौकोनी घरेंच दिसतात. जुन्या गल्लींत शिरलें म्हणजे मात्र जाड भिंतींचें एखादें धाब्याचें घर अजून भेटतें.

धाबें म्हणजे मातीचें सपाट छप्पर. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला अंथरून वीतभर माती, आणि सर्वांत वर पाणी सहसा आंत न शिरूं देणाऱ्या पांढऱ्या मातीचा थर, अशी ही रचना असते. कोंकणांत असें छप्पर एक पावसाळाहि टिकणार नाहीं. शिंदखेडें तालुक्यांत वर्षाचा पाऊस वीस-पंचवीस इंचांच्या आसपास, म्हणून येथें तें साजलें. त्यावर मिरच्या वाळत, पापड-कुरडया वाळत, आणि वैशाखांतल्या रात्रीं सारें कुटुंब तेथेंच निजे.

गंमत अशी कीं, १९३० नंतर मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लोखंडी सळ्या व सिमेंट यांच्या सपाट माथ्याच्या इमारती उठल्या, तेव्हां सपाट माथा हें आधुनिकतेचें लक्षण ठरलें! त्या इमारतींना २०१८ सालीं जागतिक वारशाचा मानहि मिळाला. खानदेशांतील शेतकऱ्याच्या डोक्यावर तो माथा कित्येक पिढ्यांपासून होताच.

मग धाबें गेलें कां? सागवान महागलें, तुळयांना वाळवी लागे, दर वर्षीं मृगापूर्वीं वर नवी माती टाकून ती चोपावी लागे. तीन दिवसांची झड लागली कीं घरांत जागोजागीं पातेलीं मांडण्याची पाळी येई, आणि तें काम, शिवाय ओली जमीन सारवण्याचें काम, बायकांच्याच वांट्यास येई. धाब्याचा कैवार घेणाऱ्यांनीं हें विसरूं नये. त्यांतून सरकारी गणनेंत मातीचें घर तें ‘कच्चें’ आणि स्लॅबचें तें ‘पक्कें’. मुलीकरितां स्थळ पाहणाराहि हाच हिशेब करतो.

परंतु उन्हाचा हिशेब निराळा आहे. मे महिन्यांत येथें पारा चाळीस अंशांच्या वर जातो. जाड मातींतून उष्णता सावकाश झिरपते. दुपारची झळ आंत पोंचेपर्यंत रात्र पडते आणि बाहेरची हवा निवालेली असते. चार-पांच इंचांचा उघडा स्लॅब कांहीं तासांतच तापून ती खालीं सोडूं लागतो, व दिवेलागणीनंतर खोली भट्टीसारखी होते. पंखा तीच हवा फिरवितो. तान्ह्या मुलाला व अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्याला गच्चीवर जाऊन निजण्याची सोय नसते.

मुंबईच्या वास्तुशिल्पकारांनीं ऊन-पावसाकरितां खिडक्यांवर लांब छज्जे काढले होते. गांवोगांवच्या मिस्त्र्यांनीं स्लॅब तेवढा उचलला. छज्जा पुष्कळदां वीतभरच राहिला. उपाय फार खर्चाचे नाहींत. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा व त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावे. तें न जमल्यास निदान उन्हाळ्याच्या तोंडीं चुन्याचा हात द्यावा. पश्चिमेच्या भिंतीस पडवी किंवा झाड असावें. खिडक्यांचें मात्र पायाच्या वेळींच मिस्त्रीस सांगितलें पाहिजे. स्लॅब पडल्यावर पश्चिमेची खिडकी उत्तरेस नेतां येत नाहीं.