मेंढरांनी आखलेलं मैदान

बीड जिल्ह्यात गोल्फचं मैदान नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात हिरवळ पोसायची कुणी? तरीही पाटोदा-आष्टीकडच्या माळावर ज्याने मेंढरं राखली, त्याला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ‘ओल्ड कोर्स’ परका वाटणार नाही. जगातलं हे सर्वांत नावाजलेलं गोल्फ मैदान मुळात गावचं गायरानच.

समुद्र मागे सरला की किनाऱ्याला वाळूचा उंचसखल पट्टा उरतो. पेरायला निकामी, चरायला बरा. तिथल्या खुरट्या गवताला वरून पाणी फारसं लागत नाही. मेंढरं आणि ससे ते कुरतडून आखूड ठेवत. बोचऱ्या वाऱ्यात मेंढरं खळग्याच्या आडोशाला बसत, तिथलं गवत झिजे, वाळू उघडी पडे, वारा खळगा आणखी कोरी. गोल्फच्या मैदानावरचे वाळूचे खळगे, म्हणजे बंकर, असेच झाले, असं मानतात. आज ते 112 आहेत. चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरमधून बाहेर यायला 1995 च्या ‘ओपन’ स्पर्धेत नामवंत गोल्फपटू जॅक निकलॉसला चार फटके लागले!

आखणीची खरी गंमत ग्रीनमध्ये, म्हणजे होलभोवतीच्या आखूड हिरवळीत आहे. एकाच चिंचोळ्या वाटेने जायचं आणि तिनेच परतायचं. म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्यांना सामाईक अशा सात अवाढव्य ग्रीन आहेत. प्रत्येकीवर दोन झेंडे, आणि दोन होलच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी 18: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, अशी. पूर्वी फेरी 22 होलची होती. 1764 मध्ये काही छोटे होल एकत्र केले आणि 18 उरले. तोच आकडा पुढे जगाने उचलला. 1865 पासून मैदान सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने डागडुजी पुष्कळ केली, पण मूळ रचनाकार म्हणून कुणाचंच नाव सांगता येत नाही.

जमीन मात्र सहज टिकली नाही. 1552 च्या सनदेत आर्चबिशपने गावकऱ्यांचा खेळण्याचा, चराईचा हक्क मान्य केला होता. तरी 1797 मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने ती हातची घालवली आणि सशांचे व्यापारी तिथे शिरले. कोर्टकचेऱ्या झाल्या, हाणामाऱ्या झाल्या. 1821 मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळ वाचवला. अखेर 1894 च्या कायद्याने ती गावाकडे आली. आजही मैदान सार्वजनिक आहे; रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला जातात.

आपल्याकडे गोल्फ आला तो साहेबाबरोबर. मुंबईत 1842 मध्ये, पुण्यात 1885 मध्ये क्लब निघाले. हिंदी माणसाला अनेक क्लबांची दारं बंद होती. 1918 च्या विलिंग्डन क्लबने ती उघडली, पण खिसा भरलेल्यांसाठीच. साहेबाने कुंपण आणलं, गायरान तिकडेच ठेवलं.

मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न आणखी गुंत्याचा. चराईच्या हक्काशेजारी इथे गायरान कसणाऱ्या भूमिहीनांच्या पोटाचा हक्क उभा आहे. बीडच्या एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने त्याचसाठी लढा दिला. हे दोन्ही हक्क खरे आहेत. पण दोघांनाही बाजूला सारून तिसराच कुणी जमीन लाटतो, तेव्हा दाद मागायला कागद लागतो. दिवाळीला गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा काढून घ्या, आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा.