मिनी ट्रॅक्टरचा टायर लवकर का फाटतो?

नाशिक, सांगली भागातील द्राक्षबागांत मिनी ट्रॅक्टर आता सर्रास दिसतो. त्याच्या टायरांची विक्री व दुरुस्ती करणाऱ्यांत आपले अनेक बांधव आहेत. नवा टायर वर्ष-दोन वर्षांत बगलेला चिरला की शेतकरी दुकानदाराला दोष देतो आणि दुकानदार शेतकऱ्याला. खरे कारण ओळखता येणे हा कारागिराच्या रोजीचा व इभ्रतीचा प्रश्न आहे. म्हणून काही बाबी येथे देत आहोत.

प्रथम टायरच्या बगलेवरील चार आकडी तारीख पाहावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. दुकानात उन्हात पडून राहिलेला जुना माल न वापरताही कडक होतो व त्याला बारीक चिरा पडतात.

दुसरे कारण हवा. हवा कमी असली की बगल प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते आणि आतील धागे तुटतात. टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्हही उपटतो. हवा जास्त असल्यास नक्षी मधोमध झिजते. म्हणून टायर थंड असताना गेजनेच हवा तपासावी. लाथ मारून अंदाज घेऊ नये.

तिसरे कारण चारचाकी जोड. या ट्रॅक्टरांत पुढची चाके किंचित जास्त वेगाने ओढतील अशी रचना असते. जोड लावूनच डांबरी रस्त्यावर चालवल्यास पुढचे टायर झपाट्याने घासतात. निराळ्या मापाचा टायर बसवल्यानेही हाच त्रास होतो आणि गिअरवर ताण येतो. डिझेल व ऑइलचे डागही रबर खातात. ते लगेच धुवावेत.

कारागिरांनी जिवाची काळजी घ्यावी. टायरची कड रिमवर बसत नसेल तर ३५ पौंडांपुढे हवा मारू नये; हवा सोडून, साबणपाणी लावून पुन्हा बसवावा. हवा भरताना टायरसमोर उभे राहू नये. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग कधीही करू नये. हवा सोडलेली असली तरी स्फोट होऊन माणूस दगावू शकतो.

वॉरंटी बहुधा कारखान्याच्या दोषापुरतीच असते. कमी हवेने किंवा घासून झालेले नुकसान त्यात येत नाही. म्हणून विकताना पक्के बिल द्यावे व त्यावर टायरचा क्रमांक लिहावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल असले तर दोघांचीही बाजू स्पष्ट राहते.

शेवटी एवढेच, की ऐब लपवून माल विकणे शरीअतमध्ये जायज नाही. जुना टायर काळा रंग लावून नवा म्हणून देणे, आतून गेटर लावल्याचे न सांगणे, यातून चार पैसे सुटतील, पण बरकत जाईल. टायर जुना असेल तर तसे सांगून कमी भावात द्यावा. असा दुकानदार गिऱ्हाईक सहसा सोडत नाही.