पाणउपशाच्या एंजिनाची शक्ति कशी वाढवावी

माघ सरला कीं पालघर, डहाणू व वसई तालुक्यांतील विहिरींचें पाणी खोल जाऊं लागतें, आणि जें एंजिन कार्तिकांत वाडी भिजवूनही उरत असे, तेंच आतां अपुरें वाटूं लागतें. विजेचे पंप गांवोगांव झाले असले तरी ओढ्याकाठीं व वीज न पोहोंचलेल्या शिवारांत डिझेल एंजिनावांचून अजूनही पुष्कळांचें चालत नाहीं. अशा वेळीं कोणी कारागीर भेटतो आणि “स्क्रू जरासा फिरवून देतों, पांचाचें सात होईल” असें आश्वासन देऊन जातो. पांचाचें सात खरोखरच होतें काय, आणि झालें तर तें वैशाखापर्यंत टिकतें काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

एंजिनाची शक्ति दोनच गोष्टींवर ठरते : दट्ट्याच्या एका खेपेस किती काम होतें, आणि मिनिटास अशा किती खेपा होतात. पहिली वाढवावयाची तर सिलिंडरांत अधिक तेल जाळलें पाहिजे. दुसरी वाढवावयाची तर फेरे वाढविले पाहिजेत. तिसरा मार्ग नाहीं. कारागिराचा स्क्रू हा पहिल्या मार्गाचा होय. त्यानें इंधनपंप दर खेपेस अधिक तेल सोडतो. परंतु हवा मात्र पूर्वीइतकीच येते. एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते, आणि क्षणार्धांत तेल व हवा यांचें मिश्रण सर्वत्र सारखें होत नसल्यामुळें प्रत्यक्षांत याहून बरीच अधिक हवा असावी लागते. कारखानदार ही मर्यादा ओळखूनच स्क्रूवर शिक्का मारतो. तो शिक्का तोडून तेल वाढविलें म्हणजे आरंभीं शक्ति थोडी वाढते हें आम्हांस नाकारावयाचें नाहीं. पण त्यापुढील तेल अर्धवट जळून काळा धूर होऊन जातें. धूर काळा होणें म्हणजे पैशाची काजळी होणें, एवढेंच समजून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. खरी हानि आंत होत असते. बाहेर पडणाऱ्या धुराची उष्णता वाढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक जळते, काजळीनें रिंगा खांचेंत चिकटतात, आणि न जळलेलें तेल सिलिंडराच्या भिंतीवरून उतरून खालच्या वंगणांत मिसळतें. वंगण पातळ झालें कीं बेअरिंग गेलेंच म्हणून समजावें. हें सर्व एका दिवसांत घडत नाहीं, म्हणूनच त्याचा दोष स्क्रूवर न येतां नशिबावर येतो.

दुसरा मार्ग फेऱ्यांचा. याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतील डर्सली येथील लिस्टर कारखान्याचें आहे. त्यांचें जड चाकांचें एका सिलिंडराचें एंजिन आपल्याकडे इतकें रुळलें कीं, त्याच नमुन्याचीं एंजिनें राजकोटास पुष्कळ वर्षें तयार होत. हें एंजिन ६५० फेऱ्यांस ६ अश्वशक्तीचें होतें. पुढें कारखान्यानें तेंच ८५० फेऱ्यांस ८ अश्वशक्तीचें केलें. सिलिंडराचा व्यास साडेचार इंच व दट्ट्याची धांव साडेपांच इंच ही मापें कायम राहिलीं. म्हणजे फेरे सुमारें ३१ टक्के वाढले आणि शक्ति ३३ टक्के. दर खेपेचें काम जवळजवळ होतें तेवढेंच ठेवलें, तेल कोंबलें नाहीं, हें येथें लक्षांत घ्यावें. मात्र हें पाहून घरच्या एंजिनाच्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणूं नये. दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास ३ मीटर होता तो जवळजवळ ४ झाला, आणि चाकाच्या कडेवरील ताण तर गतीच्या वर्गानें वाढतो. ६५० वरून ८५० वर जातांना तो सुमारें १.७ पट होतो. बिडाचें जुनें, आऱ्यांचें, कदाचित् एखादा बारीक तडा गेलेलें चाक हा ताण सोसतें न सोसतें. चाक फुटलें तर त्याचा तुकडा गवती छपरास विचारून थांबत नाहीं. एंजिनावरील पट्टीवर अश्वशक्ति व फेरे कोरलेले असतात, ती पट्टी म्हणजे त्या यंत्राचा सातबाराच होय. त्यावरील नोंद तोंडी सांगण्यानें बदलत नाहीं.

हवा वाढवून मग तेल वाढविणें हा पहिल्याच मार्गाचा शास्त्रशुद्ध प्रकार. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून सिलिंडरांत हवा दाबून भरण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ सालीं पेटंट केली. आपल्या रेल्वेंत तिचा मोठा उपयोग झाला. १९६२ पासून चालू झालेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल गाडीएंजिनाची शक्ति २,६०० अश्वशक्ति होती. वाराणसीच्या कारखान्यानें पुढें त्याच सोळा सिलिंडरांच्या घराण्यांतून ३,१०० अश्वशक्ति काढली. पण तेवढ्याकरितां हवा दाबणारें यंत्र सुधारलें, दाबलेली हवा थंड करणारी पेटी मोठी केली, इंधनपंप बदलला. एका अंगास बळ दिलें तर दुसऱ्या अंगासही द्यावें लागतें. पांच अश्वशक्तीच्या एका सिलिंडराच्या एंजिनास हा खटाटोप परवडणारा नाहीं. त्याहून मोठें एंजिन विकत घेणें स्वस्त.

आणि वाढविण्याऐवजीं घटवून टिकविणें हाही शहाणपणाचा व्यवहार असतो. तो पाहण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ सालीं चालू झाले ते प्रत्येकी २१० मेगावॉटचे होते. पुढें दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळूं लागल्या, तेव्हां ते संच १६० मेगावॉटवर आणून अनेक दशकें चालविले.

आतां मुख्य मुद्दा. ज्यास शक्ति हवी असें आपण म्हणतों, त्यास बहुधा पाणी हवें असतें. सेकंदास १० लिटर पाणी १२ मीटर चढविण्यास फक्त १.६ अश्वशक्ति लागते. पंप निम्माच कार्यक्षम धरला तरी ३.२ झाली. मग पांचाचें एंजिन धापा कां टाकतें? नळ पहावा. एवढें पाणी ३० मीटर लांब अडीच इंची लोखंडी नळांतून नेलें तर घर्षणानें सुमारें ६ मीटर चढाइतका भार पडतो. तोच नळ तीन इंची असेल तर अडीच मीटरांच्या आंत. म्हणजे अर्ध्या इंचाची काटकसर करून आपण एंजिनाची सुमारें एक अश्वशक्ति नळाच्या भिंतीस घासून दवडतों, आणि ती परत मिळविण्यासाठीं स्क्रू फिरवितों! काटकोनी बांक, पाल्यानें बुजलेला फूट-व्हॉल्व्ह, सुटणारा पट्टा यांचा हिशेब निराळाच. पंपाची पुली बदलून त्याचे फेरे वाढविणारांनींही एक लक्षांत ठेवावें : पंपास लागणारी शक्ति फेऱ्यांच्या घनानें वाढते. फेरे दहा टक्के वाढले कीं शक्ति तेहतीस टक्के अधिक लागते.

एंजिनाची स्वतःची गेलेली शक्ति परत आणणें ही वाढच आहे. हवेची गाळणी साफ करावी, व्हॉल्व्हची फट पुस्तकांत दिलेल्या मापाची ठेवावी, नोझल जाणत्याकडून तपासून घ्यावें. पत्र्याच्या बंद खोपटांत एंजिन आपलीच तापलेली हवा पुन्हां घेतें. हवा दहा अंश अधिक तापली कीं ती सुमारें तीन टक्के विरळ होते. तेव्हां खोपटास समोरासमोर दोन झरोके ठेवावे व धुराची नळी बाहेर न्यावी. हें काम एका सुट्टीच्या दिवशीं होण्याजोगें आहे.

खोल पाण्यासाठीं आणखी एक गोष्ट. पंप वरून सहा-सात मीटरांहून अधिक खोलीचें पाणी सुखानें ओढत नाहीं. एंजिन दुप्पट केलें तरीही नाहीं, कारण हें काम हवेच्या दाबाचें आहे. म्हणून पंप विहिरींतील खालच्या टप्प्यावर बसविणें योग्य. परंतु धूर सोडणारें एंजिन त्याबरोबर विहिरींत कदापि उतरवूं नये. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, रंग नाहीं, आणि तेल वाढविलेल्या एंजिनांत तो अधिक. एंजिन बंद करावयास उतरलेला मनुष्य वर न आल्याचे व त्यास काढावयास उतरलेलाही न आल्याचे प्रसंग आपल्या देशांत घडलेले आहेत.

केळवे-माहीमपासून चिंचणी-तारापूरपर्यंतच्या किनारपट्टींतील बागाइतदारांस तर अधिक शक्तीचा मोह दुसऱ्याच कारणानें जपून करावा लागतो. तेथें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. गोड्या पाण्याची पातळी एक फूट कायमची उतरली तर खालचें खारें पाणी कालांतरानें सुमारें चाळीस फूट वर सरकतें. अशा विहिरीवर दोन तासांत तळ गांठणाऱ्या मोठ्या पंपापेक्षां लहान पंप सकाळ-संध्याकाळ सावकाश चालवावा, पाणी टाकींत सांठवावें, आणि फाल्गुनापासून दर आठवड्यास तें जिभेवर ठेवून पहावें. पाणी मचूळ लागलें त्या दिवशीं पंप बंद करून विहीर भरूं द्यावी, व गोडी परतल्यावर उपसा पूर्वीच्या निम्म्यानें सुरू करावा.