जलचिन्हाची साक्ष

बँकेतील रोखपाल पाचशेची नोट हाती येताच ती क्षणभर उजेडाकडे धरतो. नोटेच्या कोऱ्या भागात महात्मा गांधींची छटा दिसली की त्याचे समाधान होते. ही कृती इतकी सरावाची झाली आहे, की तिच्यामागे सातशे वर्षांचा अनुभव उभा आहे याचे भान कोणाला राहत नाही. यंत्राने रचलेल्या चित्रांना आणि मजकुरालाही असेच अदृश्य चिन्ह असावे, असा आग्रह आज धरला जात आहे. अशा वेळी हा जुना अनुभव तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जलचिन्ह कागदावर छापले जात नाही. ते कागदाबरोबरच जन्माला येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील फाब्रिआनो येथील कागदकारांनी लगदा गाळण्याच्या चाळणीवर तारेची आकृती बसविण्यास प्रारंभ केला. तारेवर लगद्याचा थर पातळ बसतो आणि तेवढ्या भागातून उजेड अधिक झिरपतो. नोटेच्या कागदासाठी जाळीलाच उंचसखल आकार देतात. त्यामुळे जाडपातळ थरांतून छायाप्रकाशाचे चित्र साकारते. शाईने त्याची नक्कल करता येते, परंतु ती हुबेहूब उतरत नाही.

या साक्षीचे मोल १९०८ साली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले. शेक्सपिअरच्या नावाशी निगडित नाटकांच्या काही जुन्या आवृत्त्यांवर १६००, १६०८ आणि १६१९ अशी निरनिराळी साले छापलेली होती. ग्रेग यांनी कागद तपासला, तेव्हा त्यांत तीच ती जलचिन्हे आढळली. एकोणीस वर्षे कागदाचा एकच साठा कोणता मुद्रक बाळगून बसेल? या सर्व आवृत्त्या १६१९ मध्येच छापल्या गेल्या आणि जुनी साले खोटी होती, हा निष्कर्ष पुढे सर्वमान्य झाला. मुखपृष्ठ खोटे बोलले. कागदाला ते जमले नाही.

आता संगणकाच्या युगातील जलचिन्हाकडे वळू. २०२३ साली गूगल डीपमाइंडने ‘सिंथआयडी’ ही पद्धती जाहीर केली. तीत चित्राच्या बिंदूंमध्ये डोळ्यांना न जाणवणारे बदल केले जातात. मजकुरात शब्दांच्या निवडीला सूक्ष्म कल दिला जातो, आणि तो संगणक मोजून ओळखतो. कल्पना जुनीच आहे. परंतु दोन मूलभूत भेद दृष्टिआड करून चालणार नाही.

नोटेतील चिन्ह ही खरेपणाची ग्वाही असते, म्हणून भामटा ते मिळवू पाहतो. यंत्रनिर्मित चित्रातील चिन्ह ही कृत्रिमतेची कबुली असते, म्हणून भामटा ते पुसू पाहतो. मजकूर वेगळ्या शब्दांत लिहिला किंवा त्याचे भाषांतर केले, की ही खूण पुसट होते. शिवाय मुळात चिन्हच न देणारी साधने आहेतच. तेव्हा चिन्ह सापडले तर संशयाला आधार मिळेल. सापडले नाही म्हणून वस्तू खरी, असे मात्र म्हणता येणार नाही. विद्यार्थ्याचा निबंध तपासणाऱ्या शिक्षकाने हा विवेक विशेषत्वाने बाळगावयास हवा.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. नोट तपासण्यास सूर्यप्रकाश पुरतो आणि तो कोणाच्या मालकीचा नाही. संगणकीय चिन्ह वाचण्याचे साधन मात्र बहुधा ते चिन्ह देणाऱ्याच्याच हाती असते. साक्षीदारही तोच आणि न्यायाधीशही तोच, ही व्यवस्था नागरिकाच्या विश्वासाला पात्र कशी ठरावी?

यातून मार्ग एकच दिसतो. खोट्यावर शिक्का मारण्याच्या खटपटीवर सारी भिस्त न ठेवता, खऱ्याला उगमापाशीच खूण दिली पाहिजे. गुणपत्रिकेची छायाप्रत पाहून फाइल पुढे सरकविण्याऐवजी लिपिकाने ती देणाऱ्या मंडळाच्या नोंदीशी ताडून पाहावी. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरने ती सोय काही अंशी केलीच आहे. संगणकीय चिन्हे वाचण्याची साधनेही सर्वांना खुली असली पाहिजेत. चिन्ह कितीही कुशलतेने घडविलेले असो, ते उजेडात धरून पाहण्याचा अधिकार सामान्य माणसाच्या हाती राहिला, तरच त्याच्या साक्षीला अर्थ आहे.